गोदाक्काचं दार

दुपारच्या झोपेवर कुणी विश्वास ठेवू नये. रात्रीची झोप कशी, येते आणि सरळ आत शिरते. दुपारची मात्र उंबऱ्यावरच रेंगाळते, एक पाय आत, एक पाय बाहेर. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला तीच गोड मानून घ्यावी लागते. जोतिराम खाडे, पेठेतल्या अग्निशमन केंद्रावरचा फायरमन, आत्ता तशीच झोप पापण्यांवर घेऊन कॉटवर आडवा पडलाय. बायको सुवर्णा भाच्याच्या बारशाला माहेरी गेलीय. घरात दुसरं कुणी नाही. पुढच्या दाराला आतून कडी आहे. गॅलरीतल्या दोरीवर त्याचा चौकड्यांचा पंचा वाळत घातलाय, उन्हानं वाळून पार पापड झालाय त्याचा.

आणि त्याच्या खोलीचं दार सताड उघडं आहे. उघडंच राहावं म्हणून त्याला वरवंटा लावलाय.

या वरवंट्यापायी सुवर्णा पावसाळ्यापासून बोलतेय. "जगाच्या घरात वरवंटा पाट्यावर असतोय, आमच्यात दाराच्या बुडाला. चटणी वाटायची तर आधी दार सोडवा!" सुरुवातीला हसत म्हणायची, मग चिडून म्हणायला लागली, आणि गेल्या महिन्यात गुपचूप मिक्सर घेऊन आली. बायको बोलायची थांबली की समजावं, गोष्ट हाताबाहेर गेली.

गोष्ट अशी की जोतिरामला दार लावता येत नाही. पुढच्या दाराला तेवढी चोराच्या भीतीनं तो कशीबशी कडी घालतो, पण आतल्या खोलीचं नाही, केंद्रावरचं नाही, अहो, न्हाणीघराचंसुद्धा तो अर्धं उघडं ठेवून अंघोळ करतो. दुसऱ्या कुणाला ही खोड असती तर लोक हसून गप्प बसले असते. पण जोतिरामचं पोटच दार लावण्यावर चालतं.

ते कसं, हे कळायला जरा धंद्यातलं सांगायला हवं. घराला आग लागलीय, जिन्यात धूर कोंदलाय, आणि आतल्या खोलीत कुणी अडकलंय. दारातून जायला वाट नाही. मग शिडी लावायची, खिडकीचं ग्रिल कापायचं आणि खिडकीतून आत उतरायचं. आता तुम्ही-आम्ही उतरलो तर काय करू? "कुठं आहात हो?" करत माणूस शोधत सुटू. तिथंच घात होतो. खिडकी फोडली म्हणजे आगीला वारा दिला. खोलीचं दार उघडं असेल तर आग त्या वाऱ्यामागं धावत खोलीत येते, चुलीला फुंकणी मारावी तशी. म्हणून आत उतरलं की पहिलं काम काय, तर धुराखालून रांगत जाऊन खोलीचं दार लावायचं. माणूस त्यानंतर शोधायचा. केंद्रावरचे तांडेल, म्हणजे तुकडीचे म्होरके, सिकंदर इनामदार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते नव्या पोरांना शिडीला हात लावू देण्याआधी हेच घोकून घेतात. "आधी दार, मग माणूस."

पावसाळ्यात जोतिरामनं तेच केलं होतं. सुतारगल्लीतून वर्दी आली. खालच्या बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या स्कूटरची बॅटरी पेटलेली, वरच्या मजल्यावर धूरच धूर. घरात लहानगी मनू आणि तिची आजी, गोदाक्का. मनूची आई वैजयंता आणि बाप, दोघंही कामावर गेलेले. जोतिराम मागच्या खिडकीतून खोलीत उतरला. खोलीचं दार वीतभर उघडं होतं आणि त्या फटीतून काळा धूर आत ओतत होता. त्यानं दोन्ही हातांनी दार ढकलून लावलं. मग भिंत धरून खोली चाचपली. कॉटखाली, गोधड्यांच्या मागं, मनू सापडली. तिला खिडकीतून मामांच्या हातात दिली. मनू वाचली.

गोदाक्का दाराच्या पलीकडं सापडली. बोळात, अगदी दाराला टेकून.

आणि एक गोष्ट जोतिरामनं आजवर कुणालाच सांगितलेली नाही, सुवर्णालाही नाही. दार ढकलताना ते त्याच्या तळव्यांखाली हललं होतं. पलीकडून कुणाचा तरी हात होता त्या दाराला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वैजयंतानं त्याला विचारलं, "दार तुम्ही लावलं?" तो म्हणाला, "हो." ती पुढं एक अक्षर बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तरी परवडलं असतं.

त्यानंतर त्याचे हात दारापाशी गेले की थिजतात. परवा एका कापडगोदामाच्या आगीत तो खिडकीतून आत गेला, रांगत दारापर्यंत पोचला आणि तिथंच बसला. पलीकडं कुणी असलं तर? आग आली ती सरळ अंगावर. मामांनी शिडीवरून आत उतरून त्याला कॉलरला धरून बाहेर ओढला म्हणून निभावलं, पण मामांचा कान भाजला. कानाला पट्टी बांधलेले मामा आज सकाळी पाळी सुटताना म्हणाले, "जोत्या, राग नाही. पण संध्याकाळी येशील तेव्हा एक काय ते सांग. शिडीवर जायचं तर दार लावायला पाहिजे. नसंल जमत तर स्टोअरात बस, पाईप सुकत घाल. त्यात काय कमीपणा नाही."

कमीपणा कसा नाही? बाप रिक्षा चालवायचा, तो घरी आला की म्हणायचा, "आमचा जोत्या माणसं काढतो." पाईप सुकत घालणाऱ्याबद्दल असं कोण म्हणतं?

संध्याकाळी "स्टोअर" असं सांगायचं, हे जोतिरामनं ठरवून टाकलंय. ठरवलं तरी छातीवरचं ओझं काही हललेलं नाही. पंखा फिरतोय. डोळे मिटतात.

पंख्याचा आवाज हळूहळू बदलतो. टक्, टक्, टक्. हा आवाज त्याला चांगला माहीत आहे. मामांची पद्धतच आहे ती. आत माणूस गेला की शिडीवरच्यानं पान्यानं खिडकीची चौकट वाजवत राहायची, म्हणजे धुरात डोळ्याला डोळा दिसला नाही तरी आतल्याला खिडकी कुठं ते कळतं. टक्, टक्, टक्.

जोतिराम शिडीवर आहे. अंगात जाड कोट, पाठीवर हवेचं नळकांडं, हातात पहार. शिडी आठवड्याच्या बाजारात उभी आहे. खाली मेथीच्या जुड्या, वांग्यांचे ढीग, बायकांची घासाघीस चाललीय, आणि वर कुणी मान करून बघत नाही. शिडी ज्या खिडकीला टेकलीय तिला भिंतच नाही. नुसती खिडकी, हवेत.

खिडकीत एक म्हातारी पाटा घेऊन बसलीय. इरकली लुगडं, कोपरापर्यंत गोंदण. पाट्यावर सुकं खोबरं, लसूण, लाल मिरच्या. जोतिरामनं तिला जिवंतपणी कधी पाहिलेलं नाही, पण ओळख पटायला वेळ लागत नाही.

"आलास?" गोदाक्का म्हणते. "ये. खिडकीतनंच ये बाबा. दारातनं यायची तुमच्यात पद्धतच न्हाई."

"आक्का," जोतिराम म्हणतो.

"काय आक्का? मेले म्हणून पाट्यावर बसू नको व्हय? वाटण काढून बसलेय आन् वरवंटा न्हाई. कुठाय वरवंटा?"

"दाराला लावलाय."

"दाराला? दार वाटून खातासा काय?" ती खुदकन हसते. दात नसलेलं, तोंडभर हसू. "ये आत. आन् थांब, थांब! तसाच उडी मारतोस? आधी खाली जमीन हाय का बघ की!"

जोतिराम ओशाळतो. हे तर पहिल्या दिवशी शिकवतात. खिडकीवर पोट टेकवून तो पहार खाली सोडतो, ठोकतो. जमीन आहे. शेणानं सारवलेली, गार. तो आत उतरतो तर ती त्याची लहानपणीची शाळा आहे. फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेला पाढा. बाकं मात्र नाहीत, बाकांच्या जागी ओळीनं कॉट मांडलेत, आणि प्रत्येक कॉटवर गोधड्यांचा ढीग.

धूर वरून खाली उतरतोय. अगदी सावकाश, पाहुण्याच्या पायांनी.

तो गुडघ्यांवर येतो. डावा हात भिंतीला. भिंत सोडायची नाही, भिंत सोडली की माणूस स्वतःच हरवतो. तो भिंत चाचपत निघतो. भिंत जरा वेळ भिंत असते, मग ती त्याच्या आईचं लोखंडी कपाट होते, मग बंबाची लाल गरम बाजू होते, मग पुन्हा भिंत. मागून पान्याचा आवाज येतोच आहे.

"बरोबर," गोदाक्काचा आवाज शेजारीच येतो. तीही त्याच्या बरोबर रांगतेय, लुगड्याचा ओचा सावरत, आणि तिला धाप लागत नाही. "आता काय करायचं?"

"तुम्हाला कसं माहीत हे सगळं?"

"मनू रोज खेळती की. कपाटाच्या खालच्या खणातनं आत शिरती, खिडकी म्हणून. डोक्यावर चहाचं पातेलं घालती. आत शिरली की आधी दार लावती आन् मग बाहुली हुडकती. दार लावल्याबिगर बाहुलीला हात लावत न्हाई बघ. कुणी शिकवलंय म्हणून इचारलं तर म्हणती, बंबकाकानं. खिडकीतनं खाली देताना तू तिला सांगितलास म्हणं."

जोतिरामला आठवतं. मनू रडत विचारत होती, दार का लावलंस, आजी तिकडं आहे. आणि तो म्हणाला होता, आधी दार लावायचं असतं बाळा, मग माणूस. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं होतं. त्याला वाटतं जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

"माझी वैजू बघती तिचा खेळ," गोदाक्का म्हणते, "आन् स्वयंपाकघरात जाऊन डोळं पुसती."

समोर दार आहे.

शाळेच्या मधोमध, चौकटीसकट. जुनं, जाडजूड, वर वेलबुट्टी कोरलेली. वीतभर उघडं. फटीतून काळा धूर येतोय. जोतिराम तिथंच बसतो. हात वर उचलतो आणि हात थिजतात, गोदामात थिजले तसेच.

"लाव की," गोदाक्का म्हणते.

"नाही."

"का रं?"

"पलीकडं तुम्ही आहात."

"मी तर हितं हाय, तुझ्याशेजारी."

तो वळून बघतो. शेजारी कुणी नाही. पुढचं बोलणं दारापलीकडून येतं, जरा दमलेलं, जरा खोकलेलं. "बरं, हितं हाय. मग काय झालं?"

आणि जोतिराम रडायला लागतो. एवढा थोराड गडी, तोंडावर मास्क, आणि मास्कमध्ये हुंदके. "आक्का, तुम्ही आत यायला बघत होता. मला हाताला कळलं होतं. दार हललं होतं. मी तुमच्या तोंडावर दार लावलं. तुम्हाला मी मारलं, आक्का."

 पलीकडून चक्क च्क् च्क् असा आवाज येतो, म्हातारी माणसं लहान पोरांच्या खुळेपणावर करतात तो.

"हे दार कुणी केलंय, ठावं हाय?"

"नाही."

"आमच्या मालकांनी. लग्नानंतरचं पयलं काम. सागवान परवडत न्हवतं म्हणून बाभळीचं केलं, आन् बाभूळ ती बाभूळ. पावसाळा आला की फुगून बसायची. सुताराच्या घरचं दार लागत न्हाई म्हणून सगळी गल्ली हसायची. मालक म्हणायचे, पावसाळा सरला की रंधा मारतो. रंधा मारायच्या आधी मालकच गेले. जावई पण तसाच, उद्या करतो, उद्या करतो. रोज लावायचं म्हणजे कुस्तीच. आतनं जावयानं खांदा लावायचा तवा कुठं चौकटीत बसायचं. कळलं?"

"कळलं."

"मग आता सांग. त्या दिवशी तू ढकललंस. जड गेलं का हलकं?"

पान्याचा आवाज थांबतो.

जोतिराम स्वतःच्या तळव्यांकडं बघतो. किती वेळा हे दार त्यानं मनात लावलं असेल. झोपताना, जेवताना, बंबावर बसल्या बसल्या. दर वेळी त्याला ते हललेलं आठवायचं, तेवढंच. पुढचं कधी आठवायचा धीरच झाला नाही. आता तळवे आपणहून सांगतात.

"हलकं," तो म्हणतो. "हलकं गेलं."

"मग?"

त्याला कळत नाही. कळत नाही म्हणण्यापेक्षा, कळलेलं पोचत नाही.

"अरं, आगीतला गडी तू आन् दाराचं मी सांगायचं? दार कुणीकडं उघडतंय?"

"आत. खोलीत."

"मला आत यायचं असतं तर मी काय केलं असतं?"

"ढकललं असतं. माझ्याकडं."

"तू तिकडनं ढकलतोस, मी हिकडनं ढकलते. तू एवढा रेडा आन् मी चिमूटभर, मान्य. पण फुगल्यालं दार, वर माझा जोर. हलकं गेलं असतं?"

"नसतं गेलं."

"मग हलकं का गेलं, सांग!"

जोतिरामच्या तोंडून शब्द सावकाश बाहेर पडतात, रात्रभर भिजवलेल्या कडधान्याला मोड यावा तसे. "तुम्ही ओढत होता."

"वडत होते की!" पलीकडून गोदाक्का म्हणते, आणि तिच्या आवाजात आनंद आहे, ठोंब्या पोरानं गणित सोडवून दाखवल्यावर मास्तरांना व्हावा तेवढा. "कड्याला धरून लोंबकळत होते. मी मोरीत भांडी घासत होते, मागं वळून बघते तर बोळात धूर. पोर आत निजल्याली. म्हटलं, धूर आत जायला नको. फडकं भिजवलं, उंबऱ्याशी घातलं आन् कड्याला धरलं. वडते, वडते, मेलं वीतभर राहिलंच. मालकांना लई शिव्या दिल्या बघ. लग्न झाल्यापासनं दिल्या न्हवत्या, तेवढ्या दिल्या."

त्याला फडकं आठवतं. मामांनी नंतर सांगितलं होतं, म्हातारीच्या पायाशी ओलं फडकं होतं म्हणून. त्यानं तेव्हा मनात म्हटलं होतं, नाकाला लावलं असेल, हातातून गळून पडलं असेल.

"नाकाला लावायचं फडकं," गोदाक्का म्हणते, जणू तो मोठ्यानं बोललाय, "चार घड्या घालून उंबऱ्याला आडवं कोण ठेवतंय रं?"

आता ते शाळेत नाहीत. बोळात आहेत, एका बाजूला मोरी, बादलीत नळाची धार पडतेय. गोदाक्का दाराला पाठ टेकून खाली बसलीय, पाय लांब करून, दमलेल्या बाईनं कामं उरकून बसावं तशी. जोतिराम तिच्यासमोर उकिडवा. मास्क कुठं गेला ते त्याला कळलेलं नाही. धूर दोघांच्या डोक्यावर थांबलाय.

"तुम्ही आत का नाही आला, आक्का? पोरीजवळ? आतून लावलं असतं दार. मी आलोच होतो."

"तू येतोयस हे मला काय सपान पडलं होतं?" ती म्हणते. "आन् आत जाऊन काय केलं असतं? मनूनं एकदा सवताला कोंडून घेतलं होतं, तवापासनं जावयानं आतली कडीच काढून टाकल्याली. आतनं ढकलायला खांद्यात जोर पायजे. तो कुठला माझ्यात? भायेरनं निदान लोंबकळता येतं. म्हातारीच्या अंगात जोर नसला तरी वजन असतं की."

नळ वाहतोय. बादली भरून वाहायला लागलीय, पण पाणी कुठं जातंय ते दिसत नाही.

"लई त्रास झाला का?" जोतिराम विचारतो. विचारायचं धाडस त्याला जागेपणी कधीच झालं नसतं.

"धूर रं. धुरात झोप येती. तुझ्या ह्या दुपारच्या झोपेवाणी, उंबऱ्यावर." ती त्याच्याकडं बघते. डोळे पिंगट आहेत, हे त्याला आत्ता कळतं. "आन् एक सांगते. दार लागलं, खट्कन. मला वाटलं, माझ्याच्यानंच लागलं. म्हटलं, शाब्बास गोदे! आन् मग आतनं आवाज आला. 'कोण हाय का आत? आवाज द्या!' तुझा. मग कॉट सरकवल्याचा. मग मनू रडली. ती रडली ना, तवा मी हात सोडला. म्हटलं, गावला बाबा तिला कुणीतरी. आता मोकळी झाले."

 जोतिराम तिचे हात हातात घेतो. हात ओले आहेत, गार, आणि तळव्यांवर कड्याचा गोल वळ उठलाय.

"आता माझं एक गाऱ्हाणं ऐक," ती म्हणते, आणि एकाएकी खरंच रागावलेली दिसते. "पावसाळ्यापासनं तू सगळीकडं सांगत फिरतोयस, दार मी लावलं, दार मी लावलं. मनातल्या मनात का असंना. आयुष्यभर भांडी घासली, पोरं काढली, नाव घेण्यासारखं एक काम केलं मी मरताना. ते पण तुझ्या नावावर लावतोस? लाज न्हाई वाटत?"

"आक्का..."

"दार मी लावलं. तू हातभार लावलास. बरोबर का न्हाई?"

"बरोबर."

"वैजूला सांग जाऊन. तिला वाटतंय आई दार ठोठावत मेली. रातचं उठून दाराशी जाऊन बसती पोरगी. सांग तिला, आईनं दार लावलं. आईला मनू रडल्याली ऐकू आली. सांगशील?"

"सांगतो."

"आन् तो वरवंटा दे माझा."

तो वरवंटा उचलतो. केव्हापासून तो त्याच्या मांडीवरच होता. गोदाक्का तो दोन्ही हातांनी घेते, उठते, आणि जाताना पोराच्या पाठीत धपाटा घालावा तसा त्याच्या खांद्यावर ओला हात मारते. "ऊठ. आत जा. मी हिकडनं वडते, तू तिकडनं ढकल."

तो खोलीत आहे. गुडघ्यांवर. दार वीतभर उघडं, धूर फटीतून येतोय, मागं पान्याचा आवाज पुन्हा सुरू झालाय. टक्, टक्, टक्. तो दोन्ही तळवे दाराला लावतो. दार तळव्यांखाली हलतं.

तो ढकलतो. दार हलकं जातं. खट्.

जोतिरामचे डोळे उघडतात.

पंखा बंद आहे, लाईट गेलीय. उकाड्यानं अंग घामानं निथळतंय. खोलीत नेहमीपेक्षा अंधार आहे. का, ते कळायला त्याला जरा वेळ लागतो.

दार लागलंय.

वरवंटा भिंतीशी आडवा पडलाय. वाऱ्यानं ढकललं म्हणावं तर पान हलत नाही एवढी शांतता. झोपेत आपणच उठलो असू, जोतिराम मनाशी म्हणतो, दुसरं काय. उठून तो दाराची मूठ धरून आत ओढतो. त्याच्याही घरचं दार गेल्या पावसाळ्यात फुगलेलं, कधी रंधा न मारलेलं. दोनदा हिसडा दिल्यावर ते उघडतं, आणि त्याच्या पायाच्या बोटांना गार पाणी लागतं.

उंबऱ्याच्या पलीकडं, बाहेरच्या बाजूनं, दाराच्या फटीला आडवा त्याचा पंचा घातलाय. गॅलरीत वाळून पापड झालेला तोच. आता ओलाचिंब आहे, आणि नीट चार घड्या घातलेला, कडा एकावर एक जुळवून.

तो पुढच्या दाराकडं बघतो. कडी आतून आहे, तशीच.

जोतिराम खाली बसतो. पंच्याला हात लावतो, हात तोंडाला लावतो. किती वेळ बसतो, त्यालाच ठाऊक. मग लाईट येते, आत पंखा फिरायला लागतो, आणि तो उठून मामांना फोन लावतो.

"मामा, शिडी."

"आं? काय झालं रे?"

"काही नाही. शिडीवर घाला मला. पण थोडा उशीर होईल, सुतारगल्लीत जाऊन येतो."

 "जा," मामा म्हणतात, आणि फोन ठेवतात.

तो वरवंटा उचलून स्वयंपाकघरात पाट्यावर ठेवतो. गणवेश चढवतो. ओला पंचा पिळत नाही, तसाच पिशवीत घालतो. मग खोलीबाहेर येऊन उभा राहतो, आणि दाराच्या बाहेरच्या कड्याला हात घालतो.

एका हातानं ते येत नाही. दोन्ही हातांनी धरतो, चौकटीला पाय लावतो, तरी वीतभर राहतंच. तो रोज व्यायाम करणारा, खांद्यावर माणूस टाकून शिडी उतरणारा गडी. शेवटी तो कड्याला सगळं अंग टाकून लोंबकळतो, तेव्हा कुठं ते खट् करून बसतं. तळव्यांवर गोल वळ उठतो.

तो जरा वेळ त्या वळाकडं बघत राहतो. गोदाक्का त्याच्या खांद्याला लागेल एवढीसुद्धा नव्हती.